गाळलेली ओळ

विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचा नियम त्याने लिहिला, तेव्हा वाहतूक खात्यात सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. नियम साधा होता. प्रत्येक इमारतीत मीटरच्या खोलीला सगळ्यात जवळची पार्किंगची जागा चार्जरला द्यायची. केबल कमी लागते, काम झटपट उरकतं.

त्याच्या स्वतःच्या इमारतीत ती जागा नेमकी लिफ्टला लागून होती, आणि तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची गाडी उभी राहायची. बाईंचा एक पाय लहानपणापासून अधू. तो शाळेत असताना त्याची आई कामावरून येईपर्यंत बाईच त्याला घरी घेऊन जायच्या, जेवू घालायच्या, पाढे घोकून घ्यायच्या.

चार्जर बसला आणि बाईंची गाडी खाली तळघरात गेली. लिफ्ट तळघरापर्यंत जात नव्हती, त्यामुळे येताजाता उतरणीची वाट आली.

"बाई, त्रास होतो का हो?" त्याने एकदा चाचरत विचारलं.

"छे रे! नियम तू केलायस ना? मग विचार करूनच केला असशील."

त्याला कुठे तोंड लपवावं कळेना. कारण पहिल्या मसुद्यात त्याने एक ओळ घातली होती: अपंगांच्या जागेला हात लावू नये. साहेब म्हणाले, "फाटे नकोत, आटोपशीर ठेवा." त्याने हूं की चूं न करता ओळ खोडली.

पावसाळ्यात त्या ओल्या उतरणीवर बाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

तो दवाखान्यात गेला, तर बाई नर्सला कौतुकाने सांगत होत्या, "चार्जिंगचा नियम याचाच बरं का. माझ्या हाताखाली शिकलाय." त्याला ते ऐकवेना. नर्स गेल्यावर त्याने ओळीचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी छताकडे बघत विचारलं,

"ती ओळ लिहिताना तुला माझी आठवण झाली होती?"

"झाली होती."

"आणि खोडताना?"

"तेव्हाही झाली होती."

"विसरला असतास तर मी समजून घेतलं असतं रे," त्या म्हणाल्या आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसते डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडला. "आता आठवलं तुम्हाला?" साहेब खेकसले. पण त्याने पिच्छा सोडला नाही. खेटे घालून, बोलणी खाऊन अखेर दुरुस्ती मंजूर करून घेतली. इमारतीतला चार्जर पलीकडच्या भिंतीवर गेला, लिफ्टजवळची जागा मोकळी झाली.

तो धावतच सांगायला गेला. बाई वॉकर धरून खोलीतल्या खोलीत एकेक पाऊल टाकत होत्या.

"चांगलं झालं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," त्या म्हणाल्या. "मी गाडी विकली. आता पाय साथ देणार नाही म्हणतात डॉक्टर."

त्याने आधाराला हात पुढे केला. बाईंनी तो धरला नाही, पण दूरही सारला नाही. खिडकीपर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला. तो तसाच, हात पुढे धरून, त्यांच्या बाजूने चालत राहिला.