पुष्पाबाईची बर्थ

लष्करातून बाद झालेला तो ट्रक कृष्णराव राईसमिलवाल्यांनी लिलावात घेतला, तेव्हा सिहोऱ्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भजन मंडळातले आठ जण त्यात झोपतील, त्यातच रांधतील आणि अठरा दिवसांत नर्मदामाईची परिक्रमा करून येतील, असं कृष्णरावांनी मारुतीच्या पारावर जाहीर केलं. फौजी हिरवा रंग साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही, म्हणून तो खरवडून दुधी रंग दिला. दाराच्या बिजागरीत मात्र थोडा हिरवा उरलाच.

धनंजय सुताराने आत चार खाली, चार वर अशा आठ बर्थ ठोकल्या आणि प्रत्येकीवर नाव रंगवलं. दाराजवळची खालची पुष्पाबाईची. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या बाजूला पाच पायऱ्यांची लोखंडी शिडी लावली, धरायला दांडा लावला. पुष्पाबाई रोज संध्याकाळी काठी टेकत यायच्या, शिडी चढून आपल्या बर्थवर घटकाभर बसायच्या आणि उतरून घरी जायच्या. कोणी हसलं तर म्हणायच्या, सवय करून राहिली बाप्पा.

त्यांचा मुलगा भूपेंद्र विम्याचा एजंट. एकादशीला कीर्तनात श्यामरावबुवांच्या मागे टाळ धरून उभा राहणारा. गाडीचा विमा त्याच्याकडे आला यात नवल नव्हतं.

नवल पुढे झालं. गाडीची नोंद मालवाहू म्हणून झाली होती. आत माणसं झोपवायची तर आधी आरटीओची परवानगी, मग गाडीच्या कागदावर बदल, मग विमा. अडीच-तीन महिने तरी हवे होते. नर्मदा जयंती तीन आठवड्यांवर आलेली आणि मंडळाला जयंतीला अमरकंटकलाच असायचं होतं. कंपनीने गाडीचे आतून-बाहेरून फोटो मागितले. भूपेंद्रच्या मोबाइलमध्ये बर्थ ठोकायच्या आधीचे, माल भरायच्या रिकाम्या डाल्याचे फोटो होते. त्याने तेच पाठवले. अर्जात विचारलं होतं, गाडीत काही बदल केला आहे का. त्याने लिहिलं, नाही.

त्या दिवशी घरी जेवताना आई म्हणाली होती, "यंदा नाही त मंग कवा जाईन मी." तेवढ्या एका वाक्यावर त्याने सही केली. कृष्णरावांनी विचारलं, सारं बराबर आहे ना गा? तो म्हणाला, बराबर आहे.

त्यानंतर त्याला घास गोड लागेना. मागे बसलेल्यांना काही झालं तर त्या कागदाची किंमत रद्दीएवढी, हे साऱ्या गावात त्याला एकट्याला ठाऊक होतं. आणि आई दळणाच्या चक्कीवर, बोअरिंगवर, दिसेल त्या बाईला सांगत होती की माझ्या पोरानं साऱ्याइचा विमा काढला, आता भ्याचं काम नाही. रिताने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं, झोप काहून येत नाही तुम्हाले? तो म्हणाला, थंडी आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळात श्यामरावबुवांचं कीर्तन झालं. बुवांचा आवाज म्हणजे तापल्या दुधावर साय धरावी तसा, हळूहळू दाट होत जाणारा. ऐकताना म्हातारी माणसं डोळे पुसतात आणि पोरीसोरी उठून जायचं विसरतात. निरूपणात बुवांनी भंडाऱ्याच्या पितळी टाळांचा दाखला दिला. म्हणाले, टाळाले चीर गेली त मृदंग झाकून घेते, ऐकणाऱ्याले कळत नाही. पण वाजवणाऱ्याच्या बोटाले कळतेच.

भूपेंद्रच्या हातातला टाळ थांबला. बुवांनी सहज मागे वळून पाहिलं आणि पुढचं चरण उचललं.

कीर्तन आटोपून सारे ट्रककडे आले. चाकांखाली लिंबं ठेवलेली, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. कृष्णरावांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी नारळ पुढे केला. बुवा म्हणाले, ज्याने गाडीले कवच घातलं त्याच्याच हातानं फुटू दे. साऱ्यांनी होकार दिला. पुष्पाबाई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या होत्या, दांडा धरून, नवीन लुगड्यात.

भूपेंद्रने नारळ घेतला. चाकाजवळ वाकला. आणि तसाच वाकून राहिला.

"नारळ माह्या हातानं नोको, बुवा," तो म्हणाला. "मी खोटं लिहून देल्लं."

मग त्याने सगळं सांगितलं. फोटो कोणते, अर्जात काय विचारलं, त्याने काय लिहिलं, कोणासाठी लिहिलं. सांगताना तो आईकडे पाहत नव्हता, बिजागरीतल्या हिरव्या रंगाकडे पाहत होता.

पहिले बोलले कृष्णराव. गाडी त्यांची, विश्वासही त्यांचाच. "म्हणजे कागदावर या गाडीत तांदळाच्या पोत्याले जागा आहे, आमाले नाही," ते म्हणाले. "पोते झालो असतो त बरं झालं असतं गा भूपेंद्र." कोणीतरी हसलं आणि हसता हसता गप्प झालं. कृष्णराव मग म्हणाले, जाऊ द्या, आजवर कोणाच्या गाडीले काय झालं, माई सांभाळून घेईल. दोघा-तिघांनी मान डोलावली.

बुवांनी डोलावली नाही. त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माईच्या दर्शनाले लपून जाता येत नाही," ते म्हणाले. "कागदावर माल आहे न, त मालच जाईल. भांडे, पेटी, मृदंग, सामान गाडीत. माणसं यष्टीत. परत आल्यावर गाडीचे कागद नीट करू."

ते भूपेंद्रला एक शब्दही लावून बोलले नाहीत. उलट म्हणाले, टाळ संग घे, तू येऊन राहिला आमच्यासंग, माय उतराचढाले कोणाच्या भरवशावर जाईल? भूपेंद्रला वाटलं, त्यापेक्षा चारचौघांत एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

नारळ सत्यवतीबाईंनी फोडला. पुष्पाबाई दोन पायऱ्या उतरल्या. त्या दोन पायऱ्यांना जेवढा वेळ लागला, तेवढा भूपेंद्रच्या अख्ख्या आयुष्यात कशालाच लागला नव्हता. त्याने हात पुढे केला. त्यांनी दांडा धरला, हात नाही.

रिताने घरून घाईघाईने दोन सदरे आणि स्वेटर पिशवीत कोंबून आणले. बालाघाटची बस दहाला आली, खच्चून भरलेली. बसची पायरी उंच. भूपेंद्रने आईला कमरेला धरून वर चढवलं, तेव्हा तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. कंडक्टरने एका माणसाला उठवून तिला जागा दिली. भूपेंद्र तिच्या पायाशी, पिशवीवर बसला.

ट्रक पुढे होता. बसच्या काचेतून त्याची मागची बाजू दिसत होती. दार उघडंच अडकवलेलं, आत आठ बर्थ आणि दाराजवळच्या खालच्या बर्थवर आईची घडी घातलेली वाकळ. खड्डा आला की शिडी खणखण वाजायची.

बपेरा गाव आलं. नदीच्या पुलाआधी बस थांबली, तेव्हा पुष्पाबाईंनी खाली पाहिलं.

"मले इचारलं असतं त मी पुढच्या सालची वाट पायली असती," त्या म्हणाल्या. "माह्या नावावर कायले खोटं बोलला?"

 भूपेंद्रने आईचे सुजलेले पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले आणि गुडघा चोळू लागला. त्यांनी पाय काढून घेतले नाहीत. "जरा खाली," तेवढंच म्हणाल्या.

बस पुलावर चढली. अजून अठरा दिवस होते, आणि रोज किती बस बदलायच्या ते त्याने मोजलं नाही.