जावयानं पास केलेलं टेबल

धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं दिलेलं वाण जावयानं नाकारायचं नसतं, हे आदेशला ठाऊक होतं. पण त्याच्या सासुरवाडीत, माजरीत, आजवर कुठल्याही जावयाला पूल खेळायचं टेबल मिळालेलं नव्हतं, त्यामुळे नाकारायचा विचार त्याच्या स्वप्नातही आला नाही. चंद्रपूरच्या एका पूल पार्लरमध्ये तो टेबलांची देखभाल करायचा. फाटलेलं कापड बदलायचं, काठाचं रबर गेलं की नवं चिकटवायचं, पायांखाली चकत्या सारून टेबल समतल करायचं. दुसऱ्यांची टेबलं सांभाळून वैतागलेल्या माणसाला स्वतःचं टेबल मिळणार म्हटल्यावर स्वारी सकाळपासून हवेत होती.

त्याची बायको करिष्मा ही लटारूभाऊंची एकुलती एक लेक. दोघांनी चंद्रपुरात एक गाळा पाहून ठेवला होता. तिथे टेबल लावायचं, कोपऱ्यात तिचं शिवणयंत्र ठेवायचं आणि एकदाचं आपल्या पायावर उभं राहायचं, असा बेत होता. इकडे लटारूभाऊंचं लग्नापासून एकच पालुपद, माजरीतच राहा. घरजावई व्हायची कल्पना आदेशला नको होती आणि करिष्माला तर त्याहून नको. बापाची माया तिनं जन्मभर सोसली होती. ती माया सकाळी चहा करून द्यायची, दुपारी कुठे निघालीस विचारायची आणि दिवेलागणीला दाराला आतून कडी घालायची.

पुरणाचे धोंडे पोटभर हाणून सुस्तावलेल्या जावयाला लटारूभाऊंनी भर उन्हात बाहेर काढलं. मागोमाग करिष्माही निघाली. त्यांच्या घराला लागूनच एका लाकूड ठेकेदाराचं घर होतं. ठेकेदार वारला, मुलं नागपूरला गेली आणि किल्ल्या राखणदार पोचूभाऊंकडे राहिल्या. पोचूभाऊंनी मधल्या खोलीचं दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा वाफारा आला. खोलीला एकच खिडकी, तीही हातभर, गज लावलेली.

"पाहा, जवाईबापू. तुमी पास म्हना, मंग माहं काम," लटारूभाऊ म्हणाले.

आदेशनं टेबलावरची गोधडी ओढली आणि उकाड्याबिकाड्याचं भानच विसरला. कापडाला कसर लागली होती, पण कापडाचं काय, ते बदलता येतं. त्यानं काठावर अंगठा दाबला. रबर वाळून कडक झालं नव्हतं, दाबलं तसं परत वर आलं. पांढरा गोळा काठावर मारला, तो समोर आपटून, मागे येऊन, पुन्हा समोर गेला. चौकट सागवानाची होती, तीही जुन्या, घट्ट रेषांच्या सागाची, आणि कुठे खिळा नाही, सगळीकडे बोल्ट. मग त्यानं गोळा बरोबर मधे ठेवला आणि श्वास रोखून पाहत राहिला. तेवढ्यात बाहेरून कोळशाचा ट्रक धडधडत गेला, खिडकीची काच वाजली. गोळा तसूभरही हलला नाही.

"असा टेबल आमच्या पार्लरमधी पन नाई," तो स्वतःशीच म्हणाला. लटारूभाऊंनी ते ऐकलं आणि पोचूभाऊंकडे पाहून मान हलवली.

शेवटी तो टेबलाखाली शिरला. खालून बोटांनी ठोकलं तर आवाज भरीव, अस्सल टेबलात कापडाखाली असतो तसा दगडाचा. भुशाच्या फळीचा असा आवाज येत नाही. आता फक्त जोड शोधायचे होते, कारण असा दगड बहुतेक तीन तुकड्यांत असतो. जोड सोडवायचे आणि एकेक तुकडा बाहेर न्यायचा. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. जोड नव्हताच. अख्खा दगड एकसंध होता.

तिथेच आडवं पडल्यापडल्या त्याला समोरचं दार दिसलं. दार अरुंद होतं. त्यापुढची ओसरी आणखी अरुंद, आणि लगेच काटकोनात वळणारी. त्याच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला.

"मामाजी," तो बाहेर येत म्हणाला, "हा आत कसा आनला असंन?"

उत्तर पोचूभाऊंनी दिलं. "पहिले टेबल ठेवला, मंग भिंती बांधल्या. मालकाची हौस."

"मंग बाहेर कसा काढाचा? भिंत फोडा लागते."

"त्याच भिंतीवर वरचा माळा हाय ना, भाऊ."

"पन बाहेर काढाचाच कायले?" लटारूभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "घरासंगंच घेऊन राह्यलो. तुमी पास म्हनलं का सौदा पक्का. इथीच पार्लर टाका, बाजूले मी हावोच. धोंड्याचं वाण हाय, नाई म्हनाचं नसते."

आदेशनं करिष्माकडे पाहिलं. ती दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. नजरेनंच तिनं त्याला हात जोडले. सुटायची एकच वाट होती. खराब वाण कोणी देत नाही.

"टेबल बाद हाय, मामाजी," तो म्हणाला. "दगड आतून तडकला. वरून दिसत नाई." बोलताना त्याचा तळवा त्या गार, निर्दोष दगडावरच होता आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

लटारूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी वाद घातला नाही. "तुमी जानकार. तुमी म्हनता तं बाद," एवढंच म्हणाले. करिष्मानं पदर खाली सोडला. चंद्रपूरचा गाळा पुन्हा जागेवर आला.

"मंग दुसऱ्या गिराइकाले सांगतो," पोचूभाऊ म्हणाले. "त्याले घर पाडून गोदाम बांधाचं हाय. दगड फोडून ठेव म्हने, न्हानीत लावतो, धुनं धुवाले. तडकलाच हाय तं सोपंच झालं." आणि भल्या माणसानं कोपऱ्यातला घण उचलला. "कुठी तडकला, दाखवा. तिथंच मारतो."

न्हाणीत. धुणं धुवायला. आदेशच्या डोळ्यांपुढे तो न हललेला गोळा आला. त्यानं मनाशी म्हटलं, फोडू दे, तुझ्या बापाचं काय जातं? दुसरीकडे पाहायचं, एवढंच तर काम होतं. घण वर गेला आणि याचा हात आपोआप दगडावर आडवा पडला.

"थांबा, पोचूभाऊ," तो म्हणाला. "तडकला नाई. म्या पाहन्यात चुकलो. अस्सल हाय."

"पास?" लटारूभाऊंनी विचारलं.

"पास."

लटारूभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी पांढरा गोळा धोतराच्या सोग्यानं पुसला, करिष्माच्या ओंजळीत ठेवला आणि पोचूभाऊंना सौद्याचा शब्द द्यायला ओसरीत घेऊन गेले. जाताना सवयीनं त्यांनी दार ओढून घेतलं.

खोलीत दोघंच उरले. करिष्मानं हातातला गोळा टेबलावर मधोमध ठेवला. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती दिवस टिकते असा टेबल?" तिनं विचारलं.

आदेशला या एका बाबतीत तरी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"आपन मरेपर्यंत टिकते," तो म्हणाला.