फांदीकराचा हेवा

मी एक जुना, काम संपलेला विकर, म्हणजे एन्झाइम आहे. मित्रांनो, मी डोळ्यांना दिसत नाही. तमिळ मुलखातल्या पापनाशमजवळ हिराबाईंच्या घरात मागच्या दारापाशी बियाण्याचे पोते आहे. त्यातल्या भाताच्या एका दाण्यात माझा मुक्काम आहे.

दाणा हिरवा होता, दाबला की दूध निघे, तेव्हा मी जन्मलो. पाने उन्हात साखर करीत आणि ती देठातून आमच्याकडे येई. तिचे कण एकापुढे एक जोडून सरळ, लांब साखळी करायची, हे माझे काम. शेजारी दुसरा विकर होता. त्याला मी फांदीकर म्हणतो. तो तयार साखळी तोडी आणि तुकडा आडवा चिकटवी. फांदीला फांदी फुटे. अशा साखळ्यांचे दाण्यात स्टार्च झाले. त्यात तीन वाटे फांद्यांचे, जेमतेम एक वाटा माझा. हे मला तेव्हापासून सलते. वर मी माझ्याच साखळ्यांत गाडला गेलो आणि तो बाहेर मोकळा हिंडे.

माणसेही त्याच्याच बाजूची. भात मऊ, चिकट होतो तो त्याच्या फांद्यांमुळे. माझ्यामुळे तो सुटा, कडक होतो. सणाला सगळ्यांना मऊच हवा.

पोंगलच्या दिवशी आमच्याच तांदळाचा गोड पोंगल शिजला. हिराबाईंचा मुलगा साईराम म्हणाला, "अम्मा, हे पोंगल की वाळू?"

"गूळ उतरतोय ना घशाखाली? मग गप गिळ."

सून अखिला म्हणाली, "आत्या, रागावू नका. आडी महिन्यात दुसरं मऊ बी पेरू. हे पोतं गिरणीत देऊन टाकू."

हिराबाईंनी पोत्याकडे पाहिले. हे बी त्यांच्या भावाने, सांबशिवने, डोक्यावरून आणून दिले होते. मला मात्र फांदीकराचाच राग आला. मी पिठात जाणार आणि त्याची जात नव्या बियाण्यात मिरवणार!

दुसऱ्या दिवशी कणू. त्या दिवशी बहिणी भावांसाठी कावळ्यांना रंगीत भाताचे गोळे ठेवतात. हिराबाईंनी हट्टाने तोच तांदूळ शिजवला आणि थोडा हळदीकुंकवाने रंगवला.

"आत्या, याचे गोळे वळतील होय? कावळेसुद्धा हसतील," अखिला म्हणाली.

हिराबाईंनी ऊन भात मुठीत दाबला. गोळा वळला. हळदीच्या पानावर गोळे ओळीने बसले, एकही फुटला नाही. दाणे सुटे दिसत होते आणि एकमेकांना धरूनही होते. सुटे माझ्यामुळे, धरलेले त्याच्यामुळे. मित्रांनो, हे कबूल करणे मला जड गेले.

उरलेल्या पांढऱ्या भातात अखिलाने चिंचेचा कोळ कालवला; लगदा न होता तो दाण्यादाण्याला लागला. साईरामने पुन्हा पुन्हा पान पुढे केले.

"काल वाळू होती ना रे?" हिराबाई म्हणाल्या.

"पोंगलला दुकानातला मऊ तांदूळ आणू, अम्मा. मामाचं बी राहू दे."

अखिला उठली. तिने पोत्याचे तोंड घट्ट बांधले आणि उंदीर लागू नये म्हणून साईरामकडून ते उंच फळीवर ठेवून घेतले.

आडीत हा दाणा चिखलात रुजेल. माझ्या साखळ्या कोंबाचे अन्न होतील आणि मी उरणार नाही. नव्या लोंबीत माझ्यासारखाच दुसरा येईल. त्याच्या शेजारी फांदीकर असेलच.

मित्रांनो, घरचे जुने बी जपा. एका दिवसाच्या घासावरून त्याला गिरणीत धाडू नका. भात मऊ लागला तर फांदीकराची खुशाल स्तुती करा. पण सुटा लागला तर माझे नाव घ्या. जरा मोठ्याने घ्या, त्याला ऐकू जाईल असे.