आक्का बसल्या की मी अडायचे

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. रंग पांढरा, म्हणजे एके काळचा. पाटीवर एमएच ०९, त्यामुळे कोल्हापूरबाहेर गेले की मान जरा ताठच असते. मला घरी आणलं गणपतरावांनी. शोरूमपासून दारापर्यंत ते इतक्या हळू आले, की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. दारात त्यांच्या पत्नीनं, आक्कांनी, मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. ती जागा तेव्हापासून त्यांचीच.

खूप फिरले मी. गगनबावड्याचं धुकं पाहिलं, गल्लीतल्या दोन नवऱ्या सासरी पोचवल्या, डिकीतून ऊस वाहिला. "गणपतरावांची गाडी म्हंजे एका चावीत चालू!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगून जायचे. मग गणपतराव गेले. मुलगा विजयसिंह आणि सून अनुजा मला वापरू लागले. पण पुसणं राहून जाऊ लागलं. सर्व्हिसिंग तर नेहमीच पुढच्या महिन्यात.

आणि मी अडू लागले. विजयसिंह कचेरीतून निघाले, मी चालू. अनुजा शिकवायचं आटोपून कॉलेजातून निघाली, मी चालू. आक्का कुणाला भेटून आल्या आणि सीटवर बसल्या, की चावी फिरवल्यावर नुसतं टिक्! गॅरेजवाल्याला बोलवावं, तर तो येईपर्यंत मी आपली चालू. "हिला कायबी झालं न्हाय," म्हणून तो परत जायचा. नवी बॅटरी बसली, लिंबू-मिरची लटकली, तरी टिक् काही सुटेना. कुठं दुखतंय ते सांगायला मला तोंड कुठलं?

एकदा शेजारच्या धोंडुबाई सहज हसत म्हणाल्या, "आक्का, तुमी बसला की गाडी अडती बगा." आक्काही हसल्या, पण ते त्यांच्या काळजाला लागलं. नवरा गेला आणि गाडी अडायला लागली, हेही त्यांनी मनातल्या मनात जोडलं. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. पुढची सीट रिकामी राहू लागली आणि मला फार वाईट वाटू लागलं.

अशात पेठ वडगावला आक्कांच्या धाकट्या बहिणीच्या, शालूबाईंच्या, नातीचा साखरपुडा ठरला.

"तुमी जावा," आक्का म्हणाल्या. "शुभ कामाला माझी नाट नको."

"काय तरीच काय बोलताय आक्का?" अनुजा म्हणाली.

"खरं हाय ते. मी बसलो की अडती की ती."

दुसऱ्या दिवशी अनुजा एकटीच मला घेऊन निघाली, आक्का जायच्या त्याच वाटेनं. आक्कांची रीत अशी, की कुणाकडं बसायचं नाही. "उभ्याउभ्या आलोय गं," म्हणत दारातच विचारपूस करायची, साखर हातावर घ्यायची आणि निघायचं. सगळं दहाएक मिनिटांत. अनुजा आक्कांच्या चुलत जावेकडं गेली, चहा नको म्हणाली आणि तशीच उभ्याउभ्या बोलून आली. चावी फिरवली. टिक्!

मित्रांनो, मी अडल्यावर एवढं आनंदलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं तिथूनच फोन लावला. "आक्का, गाडी अडली! आणि तुमी तर घरात हाय की!"

पलीकडून बारीक आवाजात आक्का म्हणाल्या, "व्हय? खरंच अडली?"

"व्हय व्हय, पक्की अडलीया!"

अनुजा परत आत गेली, निवांत चहा प्यायली, आणि मी चालू झाले. तिथंच तिला उलगडलं. दिवसभर उभी राहिले की मी गार व्हायचे. आक्कांच्या थोडक्या भेटीत मात्र मी तापलेलीच असायचे. गॅरेजवाल्याला तिनं नेमकं हेच सांगितलं, तेव्हा तो माझ्याखाली शिरला. मला चालू करणारा स्टार्टर आणि धुराचा तापलेला पाइप यांच्यामधला आडोशाचा पत्रा गंजून कधीच पडला होता. त्या धगीनं स्टार्टरची वायर करपली होती. नवी वायर आली, नवा पत्रा आला आणि माझ्या जिवात जीव आला.

साखरपुड्याला आक्का इरकल नेसून पुढं बसल्या. वाटेत एका ओळखीच्या घरी मुद्दाम उभ्याउभ्या जाऊन आल्या. "मी बसल्याबिगार चावी फिरवू नको," त्यांनी अनुजाला बजावलं. बसल्या, दार लावलं, डोळे मिटले. आणि मी एका चावीत चालू झाले!

आक्कांनी पदरानं डोळे टिपले. माझ्या डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई गं, दुखणं तुजं हुतं, आन् मी ते माझ्या अंगाला लावून घेतलं."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र असेल. त्याला वेळच्या वेळी पुसा, तपासा. आणि कधी अडलंच, तर आधी वाकून त्याच्याखाली बघा. आत कोण बसलं होतं ते विचारू नका.