जाळी कोण धुणार

रस प्यायला दीड मिनिट. जाळी धुवायला अठरा. हा हिशेब तिनं पाच महिने रोज सकाळी सिंकपाशी उभं राहून केला होता आणि उत्तर दर वेळी तेच यायचं: सात वीसची बस गेली.

ती एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. ऐकायला सोपं वाटतं. अरुंद मानेचे चंबू, बोटही न शिरणाऱ्या नळ्या, तळाला करपून बसलेली कसली कसली रसायनं. धुतलेली काच उजेडात धरायची. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन थांबलं तर चिकटपणा आहे, परत धू. सव्वीस वर्षांत तिच्या हातचं एक भांडं परत आलं नव्हतं. आणि आता ती स्वतःच उशिरा पोचत होती. मुख्य बाईंनी आधी तोंडी सांगितलं, मग कागद हातात दिला. "तिसऱ्यांदा मी काही करू शकणार नाही. दुसरी कोणीतरी येईल तुमच्या जागी."

नवरा दोन वर्षांपूर्वी मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसला होता. तब्येत जपायची म्हणून. तब्येतीला काय धाड भरली होती ते त्यालाच ठाऊक. आधी त्यानं गव्हावर राग धरला. मग सोळा तास उपाशी राहू लागला आणि उरलेल्या आठ तासांत चोवीस तासांचं खाऊ लागला. मग रोज सकाळी तोंडात तेल धरून बसायचा. तो महिना घरात जरा शांततेत गेला. आणि आता रस काढायचं यंत्र: बीट, गाजर, पालक, आलं. फोनमधला एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस सांगायचा की रस काढला की पंधरा मिनिटांत प्यावा, नाहीतर त्यातला जीव जातो. त्याच पंधरा मिनिटांत जाळीतल्या चोथ्याचं सिमेंट होतं, हे तो सांगत नसे. त्याची जाळी धुणारी कॅमेऱ्यामागे उभी असणार.

"अहो, प्यायल्यावर निदान जाळी नळाखाली तरी धरा," ती म्हणायची.

"मला नाही गं जमत. तुझा हात बसलाय."

हात बसलाय. दिवसभर रिकामा बसलेला माणूस हे म्हणायचा, आणि वर ग्लासही सिंकमध्ये आडवा टाकून जायचा.

कागद मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं जाळी तशीच टाकली आणि बस गाठली. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर वास दारापर्यंत आलेला. जाळी लाल, कडक, भोकं बुजलेली. नवरा नाकाला रुमाल लावून बसला होता. दहा पावलांवर नळ, पण रुमाल जवळ होता ना.

"हे यंत्रच भिकार आहे," तो म्हणाला. "धुवायला सोपं असेल असं नवीन घेऊ. तुझ्यासाठीच म्हणतोय मी."

तुझ्यासाठी. रस ह्याच्या पोटात, आणि यंत्र माझ्यासाठी. ती खराट्याच्या काडीनं एकेक भोक कोरत बसली.

शनिवारी दोघं दुकानात गेली. विक्रेता पोरगेलासा, गळ्यात टाय, तोंडात खडीसाखर.

"काकू, हे घ्या. धुवायचं टेन्शनच नाही. एक मिनिट. घड्याळ लावून."

"एक मिनिट?" नवरा खूश. "ऐकलंस?"

विक्रेत्यानं गाजर घातलं, बीट घातलं, रस काढला. नवऱ्यानं डोळे मिटून तो पिऊन टाकला आणि बीट शरीरात नेमकं कुठकुठं जातं ते विक्रेत्याला समजावून सांगितलं. विक्रेता मान डोलवत राहिला.

"आता धू," ती म्हणाली.

"अं?"

"एक मिनिट म्हणालास ना. धुऊन दाखव."

"हो, हो. लगेच." त्यानं जाळी आणि भांडं उचललं, मागच्या पडद्याआड गेला, आणि खरंच मिनिटाच्या आत परत आला. जाळी लखलखत होती. "बघा काकू."

तिनं जाळीवरून बोट फिरवलं. सव्वीस वर्षं ज्या बोटानं काच तपासली ते बोट. मग बोट त्याच्यापुढे धरलं.

"ही कोरडी आहे."

"पुसली ना मी."

"ह्या बारीक भोकांतून? कशानं, पापणीनं?"

तो काही म्हणायच्या आत ती पडद्याआड गेली. तिथं स्टुलावर एक बाई बसलेली. पुढ्यात बादली, हातात झिजलेला टूथब्रश, आणि फळीवर तसल्याच चार जाळ्या रांगेत. दोन स्वच्छ, एक मळकी, आणि ताजी लाल.

"किती वेळ लागतो?" तिनं हळूच विचारलं.

बाईनं पडद्याकडं पाहिलं. "बीट असलं तर वीस मिनिटं. ताई, माझं नाव नका सांगू हं. काढून टाकतील."

तिच्या डोक्यात आलेलं सगळं ओठांपर्यंत येऊन थांबलं. विक्रेत्याला चारचौघांत सोलून काढलं असतं. पण तो सुटला असता आणि ही बाई रस्त्यावर आली असती. जाळी धुणाऱ्याच्याच अंगावर येतं शेवटी.

"तुम्ही जरा बसा," ती म्हणाली. बाईच्या हातचा ब्रश आणि ती लाल जाळी तिनं घेतली आणि पडदा बाजूला केला. "अहो, इकडं या."

नवरा आला. "काय गं?"

"धुवा."

"मी? इथं?"

"तुम्हाला घ्यायचंय ना? चालवून बघितलंत, आता धुऊन बघा."

"लोक बघतायत."

"बघू देत. प्यायलात तेव्हाही बघत होते."

त्यानं ब्रश घेतला, दोनदा फिरवला, जाळी पुढे केली. तिनं ती दिव्यासमोर धरली. अर्धी भोकं काळी.

"परत."

दुसऱ्यांदा त्यानं बाही ओली केली. तिसऱ्यांदा नखाखाली जाळीची कड घुसली. "अगं, तू दे ना करून, तुझा हात–"

"माझा हात आईच्या पोटातून असा नाही आला. परत."

विक्रेता टाय चाचपत उभा. स्टुलावरची बाई खाली मान घालून ओठ दाबत होती. पोटापर्यंत शर्ट भिजला, कानशिलं लाल झाली, तेव्हा कुठं उजेड सगळ्या भोकांतून आला. बावीस मिनिटं.

"चल घरी," तो म्हणाला. "नको हे."

रविवारी त्यानं रस काढलाच नाही. सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर जुनं यंत्र खोक्यात बंद, आणि नवरा ओट्यापाशी सफरचंद कापत होता.

"अगं, रस काढण्यात काही अर्थ नाही," तो म्हणाला. "सगळा चोथा वाया जातो. फळ चावूनच खावं. कालच ऐकलं."

तिला आनंद व्हायला हवा होता. घड्याळात सात वाजत होते, सिंक रिकामं होतं. पण तिच्या पोटातून नुसती आग उठली. पाच महिने ती सांगत होती तेव्हा शास्त्र जागचं हललं नाही. ह्याच्या हाताला बावीस मिनिटं लागली आणि शास्त्र बदललं. तिच्या अठरा मिनिटांना त्या घरात कधी वजनच नव्हतं.

"काल नाही ऐकलंत," ती म्हणाली. "शनिवारी धुतलंत."

"त्याचा काय संबंध?"

तिनं पर्समधून तो कागद काढला, उलगडला आणि त्याच्या ताटलीखाली सरकवला. कामात हयगय, असे शब्द होते त्यात. सव्वीस वर्षं काच घासलेली बाई, आणि हयगय.

"हे काय? कधी आलं हे? मला बोलली नाहीस."

"वाचा. सावकाश, चावून चावून वाचा."

"अगं पण–"

ती चपला घालून निघाली. मागे सफरचंदाची सालं, सुरी, ताटली ओट्यावर होती. संध्याकाळी ती तिथंच सापडली तर काय करायचं, ते तिनं जिना उतरताना ठरवून टाकलं: रात्रीचं जेवण त्याच ताटलीत वाढायचं.

सात वीसची बस मिळाली. खिडकीपाशी जागा होती. ती उभीच राहिली. रागानं तिला बसवत नव्हतं.