माणिकरावांची नाडी

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि बरकतपुऱ्यातली ओळखीची मराठी घरं एकेक करत औरंगाबादला निघून गेली. माणिकरावांचा मुलगाही बदली होऊन गेला. आता दुखण्यातून उठलेल्या या म्हाताऱ्याकडे रोज येणारं माणूस एकच, त्यांना ताता म्हणजे आजोबा म्हणणारी नर्स रत्नम्मा. ती नाडी बघायला मनगट धरायची, तेवढाच काय तो माणसाचा हात त्यांच्या अंगाला लागायचा.

"ताता, नाडी सुधारली की माझं येणं बंद हं," ती काल म्हणाली होती. म्हणून आज ती गल्लीच्या तोंडाशी दिसताच माणिकराव धडाधड गच्चीचा जिना चढले, उतरले आणि धापा टाकत खाटेवर आडवे झाले.

रत्नम्माने मनगट धरलं, मग घामाने भिजलेला सदरा पाहिला. "क्या ताता, जिना चढलात?"

"हौ," माणिकराव पुटपुटले.

"अय्यो, मग तर ठणठणीत झालात की! उद्यापासून मी कशाला?"

ती इतकी खूश झाली की त्यांनाही हसावं लागलं. ती हात सोडायला लागली तसे ते म्हणाले, "अम्मा, मोजू नकोस. नुसता धर थोडा वेळ."

तिने घड्याळ खिशात टाकलं आणि स्टूल जवळ ओढलं.