टिलरींच्या बाकावरची जागा

जॅनीनचे फोटो अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या खांबाखांबावर लागले, त्या आठवड्यात रोनेलला धड जेवण गेलं नाही. धाकटी बहीण नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली, त्याचं तिला काही वाटलं नसतं. पोटात दुखलं ते फोटोखालच्या नावामुळे. इतकी वर्षं ही बाई नवऱ्याच्या आडनावाने मिरवली, आणि आता ठळक अक्षरांत 'जॅनीन टिलरी'. त्याखाली 'काचकामगार ल्युशियस टिलरी यांची कन्या'. काळ्यांच्या गिलियड चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा मानाचा सेवक, काळा ल्युशियस टिलरी. बाप जिवंत होता तेव्हा ही नाताळला तासभर डोकवायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

दोघी एकाच आईबापाच्या. आई गोरी, पोलिश घरातली. देवाने वाटणी करताना बापाचा रंग रोनेलला दिला आणि आईचा जॅनीनला. लहानपणी आई दोघींना घेऊन दुकानात गेली, की गल्ल्यावरची बाई जॅनीनच्या गालाला हात लावायची आणि रोनेलकडे बोट करून विचारायची, "ही पण तुमच्याबरोबरच का?" आई ठसक्यात सांगायची, "दोघी माझ्याच." पण तो प्रश्न जॅनीनबद्दल कधी कुणी विचारला नाही. पुढे नोकरी, भाड्याचं घर, मुलांची शाळा, जिथे जिथे रोनेलला दारात थांबवलं गेलं तिथून जॅनीन सरळ आत गेली. लोक तिला इटालियन समजायचे. खोटं ती बोलली नाही. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, एवढंच.

आईचा रंग तिला, आता बापाचं नावही तिलाच. मग आपल्याला काय उरलं, हा विचार आला की रोनेलच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शनिवारी ती केस करायला शॉनेटच्या पार्लरमध्ये गेली. शॉनेटने तिच्या मानेभोवती कापड बांधलं आणि आरशात बघून डोळा मारला. "काय गं, तुझी बहीण गेल्या मंगळवारी काळी झाली म्हणे?"

अख्खं पार्लर हसलं. सगळ्यांत मोठ्याने रोनेल हसली.

"हसा तुम्ही," ड्रायरखाली बसलेली एक बाई म्हणाली. "मी नदीपलीकडे गोऱ्यांच्या वस्तीत काम करते. तिथले म्हणतात, आमच्यापासून लपवलं. आपले म्हणतात, सोंग आहे. बिचारी धड इकडची ना तिकडची."

"बिचारी कसली!" रोनेल म्हणाली. "दोन दगडांवर पाय ठेवले की असंच आपटायला होतं."

"ते असू दे," शॉनेट केसांत तेल चोळत म्हणाली. "आमच्या गल्लीत अजून कुणी ठरवलेलं नाही. गिलियडची सगळी मतं तुझ्या तोंडाकडे बघतायत. तू म्हणालीस आपली, तर ती आपली. तू गप्प बसलीस तर ती पडली. सांग ना, काय करायचं?"

"मी कशाला सांगू? तिला तोंड आहे की."

हे बोलताना रोनेलला फार बरं वाटलं. गूळ खाल्ल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मतदानाआधीचा शेवटचा रविवार. त्या रविवारी कधी न दिसणारे पुढारीही गिलियडमध्ये येतात आणि ठेक्याबाहेर टाळ्या वाजवतात. दारात रोनेल उभी होती, पांढऱ्या गणवेशात, पांढरे हातमोजे घालून. आलेल्याला जागेवर नेऊन बसवायचं काम ती बाप गेल्यापासून करायची. या कामाचा नियम कडक असतो. दारात उभं असताना तोंड उघडायचं नाही. उजवा हात पाठीशी, जे सांगायचं ते डाव्या हाताच्या खुणेने.

जॅनीन एकटीच आली. बरोबर ना नवरा, ना फोटोवाले.

"रोनी," ती हळूच म्हणाली, "मी डॅडींच्या बाकावर बसू?"

टिलरींचा बाक डावीकडे चौथा. काका, काकू आणि चुलतभावंडं आधीच बसली होती. कडेची जागा रोनेलची, तिथे तिची पर्स ठेवलेली होती. रोनेलने बहिणीकडे पाहिलंही नाही. तिचा डावा हात उठला आणि त्याने उजवीकडचा पाहुण्यांचा बाक दाखवला. तिथे जॅनीनचा विरोधक ब्रॅडली स्टोक्स बसला होता, लालगोरा, घामेजलेला. त्याने अदबीने सरकून जागा दिली. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

भजनं झाली, आणि पास्टर ड्युप्रींनी पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं. गिलियडची जुनी रीत आहे: पाहुण्याने आपल्याला कुणी आणलं ते सांगायचं, आणि त्या माणसाने उभं राहून त्याला आपला म्हणायचं. स्टोक्सने हॉकिन्स ठेकेदाराचं नाव घेतलं, हॉकिन्स उभा राहिला, टाळ्या झाल्या.

जॅनीन उठली. "मला कुणी आणलेलं नाही."

पहिल्या बाकावर मदर बर्डीन बसल्या होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांना पास्टरही वचकून असायचे. त्या वळल्या. "पोरी, तू कुणाची गं?"

सांगायचं अवघड काय होतं? शहरभर खांबांवर ते नाव टांगलेलंच होतं. पण बापाच्या चर्चमध्ये जॅनीनने ते घेतलं नाही. "त्यांचं नाव इथे मी घेतलं तर चोरून घेतल्यासारखं होईल, मदर," ती कशीबशी म्हणाली. "दारातल्या बाईंना विचारा. त्या म्हणतील ते खरं."

सगळ्या माना रोनेलकडे वळल्या.

जन्मभर लोकांनी दोघींकडे बघून निवाडा केला होता, आणि तो दरवेळी जॅनीनच्या बाजूने लागला होता. आज पहिल्यांदा निवाडा रोनेलच्या हातात आला. तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं उभं राहायचं. दारातल्या बाईने बोलायचं नसतं, नियमच आहे. उद्या कुणी नाव ठेवलं नसतं. ती उभी राहिली. ती शांतता तिने चवीने घेतली.

तेवढ्यात स्टोक्सने जॅनीनच्या कोपराला धरलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बसा बाई, बसा खाली. झालं ते झालं."

रोनेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा कोण? टिलरींच्या पोरीला गिलियडमध्ये हाताला धरून खाली बसवणारा हा कोण? जॅनीनला खाली बसवायचा हक्क कुणाला असलाच, तर तो फक्त तिचा होता.

ती मधल्या वाटेने चालत गेली, पाहुण्यांच्या बाकापाशी थांबली आणि डाव्या हाताने खूण केली: माझ्यामागून ये. जॅनीन मागून आली. टिलरींच्या बाकावर दुसरी जागाच नव्हती. रोनेलने आपली पर्स उचलली आणि तिथे बहिणीला बसवलं.

"आमेन!" कुणीतरी ओरडलं, आणि मग टाळ्या थांबेनात. मदर बर्डीन काठी टेकत उठल्या, त्यांनी जॅनीनची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "अगं बाई! हे तर ल्युशियसचं हसू! हुबेहूब!"

रोनेलला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिच्यात लोकांना बापाचा रंग दिसला की पुढे काही शोधायची गरजच कुणाला पडली नाही. ती परत दारात जाऊन उभी राहिली. आपल्याच हाताने दिलं होतं, म्हणून रडायचीही सोय नव्हती.

प्रार्थनेनंतर तळघरात जेवणाच्या पंगती बसल्या. बायकांनी जॅनीनच्या ताटलीत तळलेला मासा आणि मॅकरोनी ढीगभर वाढली. ती ताटली घेऊन ती रोनेलजवळ आली.

"तुला वाटतं, सगळं मलाच मिळालं."

"मिळालंच."

"तू रस्त्याने निघालीस की डॅडी तुझ्याबरोबर चालतात, रोनी. सगळ्यांना दिसतात. मला मात्र दरवेळी सांगावं लागतं, आणि सांगितलं की लोक हसतात. लहानपणापासून किती जळायचे मी तुझ्यावर!"

"माझ्यावर?" रोनेलने हातातला काटा खाली ठेवला. "रात्री गाडी चालवताना मागे पोलिसांचा दिवा लागला की ये, देते तुला हा चेहरा. तेव्हा नको म्हणू नकोस."

जॅनीनची मान खाली गेली. पण रोनेलला घास गिळवेना. इतकी वर्षं हा जळफळाट तेवढा तिचा एकटीचा होता. त्यातही ही वाटा मागायला आली.

"मत तरी मला देशील ना?" जॅनीनने विचारलं.

"मतदान गुप्त असतं, बाई."

मतदान मंगळवारी, पण आधी जाऊन मत द्यायचीही सोय असते. रोनेल शुक्रवारीच जाऊन मत देऊन आली होती, जॅनीनलाच. ते तिने सांगितलं नाही. मंगळवारपर्यंत तळमळू दे जरा.